रस्त्यावर पक्षी आडवा आला तर दुचाकीस्वाराने काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडहून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज मोटारसायकलने ये-जा करणाऱ्या एका तरुणाच्या पुढ्यात चांदोरीजवळ उसाच्या बांधावरून अचानक भारद्वाज आला. त्याने हँडल उजवीकडे ओढले, पक्षी वाचला, पण मागून येणारा टेम्पो त्याला अगदी घासून गेला. अशा वेळी ब्रेक दाबावा, हॉर्न वाजवावा की मान खाली घालावी, आणि मुळात पक्षी गाडीच्या समोरच का येतात, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. दुचाकी चालवण्याचे प्रशिक्षण देणे हा माझा व्यवसाय आहे आणि सुट्टीच्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण घेऊन बसणे हा छंद आहे, त्यामुळे या प्रश्नाचा विचार मला दोन्ही बाजूंनी करावा लागला आहे.

पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो: कबुतराएवढा किंवा त्याहून लहान पक्षी अगदी जवळ आलेला असेल, तर त्याला चुकवण्यासाठी गाडी वळवू नका. अशा प्रसंगांत स्वार पडतो तो बहुधा पक्ष्याच्या धडकेने पडत नाही, स्वतःच्या दचकण्याने पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर हातापायांनी काही करायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दुपदरी रस्त्याची डांबरी पट्टी सात मीटर रुंद असते आणि साळुंकीसारखा पक्षी ती एखाद्या सेकंदात ओलांडतो. म्हणजे तुम्ही जिथे पक्षी पाहिला ती जागा तुम्ही वळेपर्यंत मोकळी झालेली असते आणि तुम्ही जिकडे वळता तिकडेच तो जाऊन पोहोचलेला असू शकतो. शिवाय मोटारसायकल वळण्यासाठी आधी कलावी लागते. घाईने कललेल्या गाडीचा ब्रेक त्याच क्षणी दाबला गेला, तर चाक घसरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि कांद्याच्या हंगामात रस्त्यावर पात आणि टरफले पडलेली असतात तेव्हा तर ती आणखी वाढते.

तुमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. निफाडहून सकाळी नाशिककडे येताना तुम्ही पश्चिमेकडे जात असता आणि संध्याकाळी परतताना पूर्वेकडे, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य तुमच्या पाठीशी असतो. तुम्हाला रस्ता उत्तम दिसतो, परंतु समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ऊन असते आणि त्याला तुम्ही नीट दिसत नाही. अशा वेळी पक्ष्यासाठी मध्यरेषेपलीकडे गेलेली दुचाकी त्याला उशिरा दिसते. नाशिकहून भल्या सकाळी पक्षी पाहायला नांदूर मध्यमेश्वरकडे निघणाऱ्या हौशी मंडळींची गोष्ट नेमकी उलटी असते: जाताना ऊन समोर आणि संध्याकाळी परततानाही समोरच. त्यांना आडवा येणारा पक्षी सावलीसारखा अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. त्यामुळे पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी निघालेल्यांनीच या रस्त्यावर वेग सर्वांत कमी ठेवायला हवा, पण लवकर धरणावर पोहोचण्याच्या घाईत ते नेमके उलट करतात.

आता धडक टळणारच नसेल तर काय करावे? हँडल दोन्ही हातांनी घट्ट पण ताठ न होता धरावे, थ्रॉटल हलकेच सोडावे, हनुवटी छातीकडे घ्यावी म्हणजे आघात चेहऱ्याऐवजी हेल्मेटच्या कपाळावर येईल, आणि नजर पक्ष्यावर न ठेवता त्याच्या पलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवावी. नजरेचा हा मुद्दा मी शिकाऊ चालकांकडून पुन्हा पुन्हा करून घेतो, कारण दुचाकी स्वाराच्या नजरेमागे जाते. खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो, तसे पक्ष्याकडे पाहत राहणाऱ्याचेही होते. हेल्मेटची काच शहराबाहेर पडताच खाली हवी. डोक्यावर नुसती टोपी ठेवावी तसे अर्धे हेल्मेट वापरणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: ८० च्या वेगाने डोळ्यावर आदळलेली चिमणी अवघ्या २५-३० ग्रॅमची असली तरी ती डोळा निकामी करू शकते. आयएसआय खुणेचे, संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असेल, तर तोच आघात ‘टक्’ अशा आवाजावर निभावतो.

वेगाचा हिशेबही सांगून ठेवतो. साधारण ३०० ग्रॅम वजनाचे कबूतर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने आदळले, तर आघाताची ऊर्जा १८-१९ ज्यूल होते. तेच ८० च्या वेगाने आदळले तर ती ७४ ज्यूलच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. पहिल्या धडकेने छातीला ठोसा बसल्यासारखे वाटेल, पण हँडल हातात राहील. दुसऱ्या धडकेने हात सुटू शकतो, बोट मोडू शकते किंवा मान झटकली जाऊ शकते.

मोराची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे आणि तिथे वरचा नियम लागू होत नाही. पूर्ण वाढलेला मोर चार ते सहा किलोंचा असतो. पाच किलोंचा मोर ६० च्या वेगाने आदळला, तर ऊर्जा ७०० ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे त्याच वेगाला कबुतराच्या धडकेच्या सोळा-सतरा पट. मोर दिसला की कुत्रा किंवा वासरू दिसल्यासारखेच वागावे: गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक क्रमाक्रमाने दाबावेत, वेग पायी चालण्याइतका कमी करावा आणि तो गेल्यावरही क्षणभर थांबावे, कारण पावसाळ्याच्या अखेरीस लांडोरीमागून पिल्ले येत असतात. मोर चटकन उडत नाही; तो आधी पळतो, मग बराच प्रयास करून उडतो आणि सुरुवातीला फार उंच जात नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) अनिवार्य झाले आहे, त्यामुळे अशा गाड्यांवर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबायला भिऊ नये. लहान गाड्यांना बहुधा सीबीएस असते. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, पण चाक जाम होण्यापासून ते वाचवत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

पक्षी समोरच का येतात, याचे उत्तर त्यांच्या अंदाजाच्या पद्धतीत आहे. रस्त्यावर दाणे टिपणारा पक्षी गाडीचा वेग मोजण्यापेक्षा तिचे अंतर मोजतो. अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आले की तो उडतो. फ्रान्समधील ग्रामीण रस्त्यांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जिथे वेगमर्यादा जास्त तिथले पक्षी गाडी लांब असतानाच उडतात, परंतु समोरून येणारी विशिष्ट गाडी त्या मर्यादेपेक्षा हळू आहे की वेगात आहे, याने त्यांच्या उडण्यात फरक पडत नाही. म्हणजे पक्षी त्या रस्त्याचा नेहमीचा वेग शिकतात. याचा आपल्यासाठी अर्थ असा की, ज्या शिवाररस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालतात, तिथे एखादा स्वार ८० च्या वेगाने आला, तर तिथल्या होल्याच्या हिशेबापेक्षा तो आधीच येऊन ठेपलेला असतो. त्याच स्वाराला मुंबई-आग्रा महामार्गावर तेवढा त्रास होत नाही.

दुसरे कारण उड्डाणाच्या रेषेचे आहे. एका कुंपणातून निघून समोरच्या कुंपणात जाणारा पक्षी मोकळ्यावर शिकाऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून खाली झेपावतो आणि पलीकडे पोहोचताना वर चढतो. त्याची सर्वांत खालची पातळी रस्त्याच्या मधोमध, म्हणजे नेमकी स्वाराच्या छातीच्या उंचीवर येते. भारद्वाज हे याचे उत्तम उदाहरण आहे. तो कावळ्याएवढा, जड अंगाचा आणि दुबळ्या उड्डाणाचा पक्षी आहे. ऊस, घाणेरीची झुडपे आणि बांधावरची दाटी हे त्याचे घर, आणि एकदा निघाला की त्याला हवेत दिशा बदलणे जमत नाही. चारपदरी महामार्गांवर दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावलेली असते, तिथेही हेच घडते, फक्त पक्षी उजव्या हाताने येतो आणि आपण सवयीने डावीकडे पाहत असतो. (भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात, म्हणून मान वळवून पाहणारे स्वार मी पाहिले आहेत. दर्शन थांबून घ्यावे.)

सातभाईंबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण त्यांच्या बाबतीत माणूस हमखास फसतो. हे पक्षी थव्याने राहतात, पण रस्ता ओलांडताना एकामागून एक असे ओळीने जातात. पहिला गेला की स्वार निःश्वास टाकून पुन्हा वेग घेतो आणि तिसरा किंवा चौथा येऊन आदळतो. एक सातभाई दिसला की बाकीचे भाऊ मागे आहेत असेच धरून चालावे. तित्तराचेही असेच, जोडीतला किंवा कुटुंबातला एक पळाला की दुसरा बहुतेक उशिरा निघतो.

साळुंक्या आणि कावळे मात्र रस्त्याचे जाणकार झाले आहेत. ते गाडीच्या चाकाच्या रेषेपुरते बाजूला सरतात आणि गाडी जाताच परत येतात. अडचण अशी की त्यांचा हा हिशेब ट्रकसाठी असतो. तुम्ही ट्रकच्या मागे जवळून चालत असाल, तर ट्रक गेला म्हणून दाण्यांवर परतणारा पक्षी आणि तुम्ही एकाच वेळी त्या जागी पोहोचता. शिवाय ट्रकच्या वाऱ्याने भेलकांडलेला पक्षी कुठे फेकला जाईल याचा भरवसा नसतो. ट्रकपासून तीन-चार सेकंदांचे अंतर राखल्याने इतर धोक्यांइतकाच हाही धोका कमी होतो.

त्यामुळे पक्षी शोधण्यापेक्षा पक्षी जिथे येणार त्या जागा ओळखाव्यात. मक्याची किंवा सोयाबीनची सोंगणी झाल्यावर रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घातलेले असते. बाजार समितीकडे जाणाऱ्या गाड्यांमधून दाणे सांडतात. शहरात काही चौकांत आणि गोदाघाटाच्या आसपास लोक कबुतरांना रस्त्यालगतच दाणे टाकतात. पुण्यकर्म म्हणून दाणे टाकणाऱ्यांनी निदान ते वाहतुकीपासून दूर टाकावेत, असे मला वाटते. मेलेल्या कुत्र्यावर घारी आणि कावळे असतात. घार ही सहाशे ते नऊशे ग्रॅमची असते आणि तोंडचा घास सोडून उठायला ती वेळ लावते. पावसाळ्यात नांगरटीच्या शेताजवळ गायबगळे, पुलांखाली घरटी करणाऱ्या भिंगऱ्या, कालव्याच्या कडेने धावत रस्ता ओलांडणाऱ्या पाणकोंबड्या, आणि थंडीत संध्याकाळी झाडांवर उतरणारे भोरड्यांचे थवे हे सर्व ठिकाण आणि वेळ धरून येतात. रोजच्या रस्त्यावर अशा जागा आठवड्याभरात पाठ होतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि हिवाळ्यात तिथे जाणाऱ्या सर्वच आडरस्त्यांवर ४० च्या पुढे जाऊ नये.

हॉर्नचे उत्तर ‘कधी’ यावर अवलंबून आहे. रस्त्यावर बसलेला थवा ७०-८० मीटरवर असताना दिलेला एक छोटा हॉर्न उपयोगी पडतो, कारण पक्ष्यांना दिशा निवडायला वेळ मिळतो. दहा मीटरवर दाबलेला हॉर्न त्यांना एकदम उडवतो आणि घाबरून उडालेला पक्षी सुटकेची वाट निवडत नाही. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उडतात, त्यामुळे आडवा वारा असेल तर थवा कुठल्या बाजूने उठेल याचा थोडा अंदाज बांधता येतो. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर मी याचा आधार घेतो, पण त्यावर विसंबून वेग वाढवत नाही.

काही वेळा पक्षी मुद्दामच अंगावर येतो. माघ-फाल्गुनात घरट्याजवळ घार, उन्हाळ्यात कावळा आणि मोकळ्या शेतांत अंडी घातलेली टिटवी स्वाराच्या डोक्यावरून सूर मारतात. टिटवीचा हल्ला जवळजवळ नेहमी हूल असते. कावळा मात्र हेल्मेटला चोच किंवा पंजा लावतो. रामकुंडावर काकस्पर्शाची वाट पाहणाऱ्या आपल्या गावात कावळ्याने डोक्याला शिवणे अशुभ मानतात, आणि ती भीतीच स्वाराला डगमगवते. हेल्मेट असेल तर दुखापत होत नाही. हात वर करून हाकलू नये, वेग न बदलता पुढे जावे. ते झाड सोडले की पाठलाग संपतो, आणि पिल्ले उडून गेली की हल्लेही थांबतात.

रात्रीच्या प्रवासात रातवा हा पक्षी लक्षात ठेवावा. तो उबदार रस्त्यावर बसतो, त्याचा रंग मातीसारखा असतो आणि दिव्याच्या झोतात फक्त त्याचे तांबूस डोळे चमकतात. प्रखर झोतात तो जागीच खिळून राहतो, म्हणून डोळे चमकले की दिवा खाली करावा आणि हळू व्हावे. गव्हाणी घुबड उंदरांसाठी रस्त्याकडेने खालून उडते आणि त्याचा आवाज अजिबात येत नाही. पहिल्या पावसात दिव्यांभोवती वाळवीचे पंखवाले किडे उठतात, तेव्हा पिंगळेही रस्त्यावर उतरतात.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा पक्षी आणि स्वार दोघांचाही गळा कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून मिळतो. येवल्यासारख्या ठिकाणी पतंगोत्सव भोगीपासून करीपर्यंत चालतो. त्या काळात त्या बाजूला जाताना गळ्याला जाड रुमाल आणि काच खाली असावी. विजेच्या तारेजवळ मांजात अडकलेला पक्षी स्वतः सोडवायला जाऊ नये, अग्निशमन दलाला कळवावे.

धडक झालीच, तर मागे वळून पाहू नये. थ्रॉटल सोडून, डावा दिवा देऊन, सुरक्षित जागा आल्यावरच थांबावे. काचेवर रक्त किंवा पिसे असतील तर हातमोज्याने पुसू नये, ते पसरते आणि उरलेलेही दिसेनासे होते. काच किंचित उचलून हळूहळू कडेला यावे आणि पाण्याने धुवावी. मग ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, हेडलाइट, आरसा आणि मोठ्या गाडीचा रेडिएटर पाहावा. मान आखडली असेल, श्वास घेताना छाती दुखत असेल किंवा डोळ्यांसमोर धूसर दिसत असेल, तर तशाच अवस्थेत पुढे न जाता डॉक्टरांकडे जावे.

पक्षी जिवंत असेल आणि त्याच्यापर्यंत वाहतुकीचा धोका न पत्करता पोहोचता येत असेल, तर त्याच्यावर रुमाल किंवा जाकीट टाकून दोन्ही पंख मिटलेल्या स्थितीत उचलावा. कित्येक पक्षी नुसतेच बधिर झालेले असतात आणि अंधार, ऊब व शांतता मिळाली तर तासाभरात सावरतात. आपल्याकडे द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके कुठेही मिळतात आणि त्यांना हवेसाठी भोके आधीच असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भातही भरवू नये. बगळा उचलताना त्याची चोच आपल्या डोळ्यांपासून दूर ठेवावी, कारण तो थेट डोळ्यांवर वार करतो. घारीचे किंवा घुबडाचे पाय कापडातून धरावेत, कारण त्यांचे हत्यार चोचीपेक्षा नख्या असतात. खोका मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्यावा, टाकीवर बांधू नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

यानंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्य पक्षी घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून धडकेत मेलेल्या मोराला किंवा त्याच्या पिसांना हात न लावता वनरक्षकालाच बोलवावे. बधिर झालेला पक्षी पूर्ण सावरला आणि वन विभागाने सोडायला सांगितले, तर त्याला हवेत उडवून देऊ नये. सापडला त्याच शिवारात, पण रस्त्यापासून आत, झाडाखाली खोका उघडा ठेवून बाजूला व्हावे. दिवसा वावरणाऱ्या पक्ष्याला सकाळी सोडावे, घुबड आणि रातव्याला सूर्य मावळल्यावर.